मर्लोची आई

पायाखाली समुद्राची वाळू आणि तिच्यात ओळीनं उभ्या द्राक्षवेली. दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेयाँच्या किनाऱ्यावर ही वासालची द्राक्षवाणांची संग्रह-बाग आहे. इथं जगभरातले दोन हजारांहून जास्त वाण जिवंत ठेवलेत. द्राक्षाचा वाण बी पेरून जपता येत नाही. त्याची काडीच लावावी लागते आणि वेल दरवर्षी छाटावी लागते.

1860च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीनं युरोपातल्या बागांची मुळं पोखरली. अमेरिकी खुंटावर, म्हणजे ही कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलीच्या मुळांवर, कलम बांधून बागा वाचवल्या. आपल्याकडे नाशिक-सांगलीत डॉगरिज खुंट घेतात तो क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून. युरोपात खुंट आला तो या किडीपायी. पण नव्या लागवडीत मोजकेच वाण उरले. माँपेलिएच्या कृषी विद्यालयानं 1876 मध्ये वाण गोळा करायला घेतले. 1949 पासून तो संग्रह इथं आला, कारण वाळूत ही कीड तगत नाही. म्हणून इथल्या वेली आपल्याच मुळांवर वाढतात.

आता ही वेल पाहा. फ्रान्सच्याच ब्रिटनी भागात सँ-स्युलियाक गावाजवळ, जिथली द्राक्षशेती केव्हाच मोडली होती, तिथं 1990च्या दशकात ती सापडली. नाव-गाव काही नाही. पुढं शाराँत भागात घरांच्या दारात तशाच आणखी वेली मिळाल्या. 22 जुलैला संत मादलेनचा सण असतो. त्या सुमारास हिचे घड पिकतात, म्हणून तिथले लोक तिला मादलेनचं द्राक्ष म्हणत. डीएनए जुळवला आणि 2009 मध्ये जाहीर झालं: वाइनसाठी जगभर लावल्या जाणाऱ्या मर्लो द्राक्षाची आई हीच. बाप कॅबर्ने फ्राँ हा वाण. माल्बेक या वाणाची आईसुद्धा हीच! कुणी अंगण साफ करताना या वेली उपटल्या असत्या, तर हे नातं कायमचं हरवलं असतं.

असाच दुसरा एक वाण, मार्सेलाँ. 1961 मध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों आणि ग्रेनाश यांच्या संकरातून तो तयार झाला. मणी बारीक म्हणून बाजूला पडला. पण काडी जपलेली होती. तापमान वाढू लागलं तसं बोर्दो या फ्रान्सच्या वाइन-प्रदेशानं 2021 मध्ये ज्या नव्या वाणांना वाव दिला, त्यांत मार्सेलाँ आहे.

वासालला आता समुद्राचाच धोका आहे. पाणी चढतंय, जमिनीत खार येतोय. त्यामुळं हा संग्रह ग्रुइसाँजवळ पेश रूजला हलवायचं ठरलं. तिथं प्रत्येक वाणाची काडी तपासून, खुंटावर बांधून, नव्यानं लावायची आहे.