‘पिऊन पडला असन’: फाट्यावर आडव्या पडलेल्या माणसाजवळ आधी काय पाहायचं

नमस्कार मंडळी.

मे महिना, दुपारचे दोन, गावचा फाटा. बसथांब्याच्या शेडबाहेर उन्हातच एक माणूस आडवा. एक चप्पल पायात, एक दूर. तोंडाला दारूचा वास. समोर पानठेल्यावर चौघं उभे, ठेलेवाला पन्नीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतोय. कोणी तरी विचारतं, "काय झालं गा त्याले?" लगेच उत्तर येतं, "पिऊन पडला असन, राहू द्या बाप्पा."

तपास संपला. विचारणाराही खर्रा तोंडात टाकतो. (हो, खर्राही व्यसनच आहे, पण तो खाणाऱ्याला आपल्याकडे कोणी व्यसनी म्हणत नाही. असो.)

वास आला म्हणजे माणूस प्यायला आहे, इतकंच कळलं. तो दारूनंच पडला, हे अजून कळायचं आहे. त्या वासाखाली दुसरी कारणं दडून राहतात आणि तीच जीव घेतात.

पहिलं कारण ऊन. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दारूनं लघवी जास्त होते, अंगातलं पाणी निघून जातं आणि सावलीत सरकायचं भान राहत नाही. अंग भाजत असेल आणि माणूस भलतंसलतं बडबडत असेल किंवा बेशुद्ध असेल, तर उष्माघातच समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं धरू नका.

दुसरं, शुगर कमी होणं. दोन दिवस पोटात अन्न नाही, नुसती दारू. यकृत दारूच्या मागे लागतं आणि रक्तात साखर सोडणं मागे पडतं. मग जीभ जड होते, तोल जातो, चिडचिड होते, घाम फुटतो, शेवटी बेशुद्धी. सगळं दारू चढल्यासारखंच दिसतं. ओळखायला मात्र बोटातून रक्ताचा एक थेंब पुरतो. उपकेंद्रात ग्लुकोमीटर असतो. आकडा ७० च्या खाली आला तर शुगर कमी, ५४ च्या खाली आला तर एक मिनिट घालवायचं नाही.

तिसरं, डोक्याचा मार. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू थोडा आकसतो, त्यावरच्या शिरा ताणल्या जातात आणि रक्तही लवकर गोठत नाही. त्यामुळे साधं पडणंही त्याला महागात जातं. कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, वारंवार उलटी, घोरल्यासारखा श्वास. यातलं एकही दिसलं तर मान वाकवायची नाही, उचलून बसवायचं नाही.

चौथं कारण ऐकून लोक चक्रावतात. तो पडला, कारण त्याला दारू मिळाली नाही. त्यावर पुढे सविस्तर बोलू.

आधी हातानं काय करायचं ते बघा.

[पडद्यावर: एका जणाला जमिनीवर झोपवून प्रत्यक्ष दाखवा]

जवळ जा, खांदे थोपटा, मोठ्यानं हाक मारा. नाव माहीत असेल तर नावानं. मग छातीकडे बघत एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात. आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड, ओठ निळसर, अंग गार: दारूचं विष अंगात भिनलंय, १०८ लावा. श्वास ठीक आहे, डोक्याला मार दिसत नाही, पण शुद्ध नाही, तर डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवा, तोंड थोडं जमिनीकडे करा. उताणा ठेवलेला माणूस उलटी फुप्फुसात जाऊन मरू शकतो. उलटी झाली तर बोटाला कापड गुंडाळून तोंड साफ करा.

उष्माघात वाटला तर गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, दुपट्ट्यानं वारा घाला. बर्फगोळेवाला जवळ असेल तर बर्फ कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. आधी अंग थंड, मग गाडी.

शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही. लिंबू, ताक, मिठाचं पाणी, चहा, काहीही नाही. फिट आली असेल तर कांदा, चप्पल, दातात चमचा हे सगळं बंद. आजूबाजूचे दगड सरकवा, डोक्याखाली दुपट्टा द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर फिट चालली तर १०८. फोनवर "दारू पिऊन पडलाय" म्हणू नका. "बेशुद्ध आहे, श्वास मिनिटाला इतके" असं सांगा आणि फाट्याचं नाव, कोणत्या गावाकडून किती किलोमीटर, तेही सांगा.

आता ते चौथं कारण.

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. दारू त्याला मागे ओढते आणि तो तेवढाच जोर लावून पुढे जातो. उतारावर बैलगाडी मागून धरून ठेवणाऱ्या गड्यानं एकदम हात सोडला तर गाडीचं जे होतं, ते दारू अचानक बंद झाल्यावर मेंदूचं होतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना पूर्ण भ्रम होतो. ताप, छातीत धडधड, दिवस की रात्र ते कळत नाही. नसलेल्या मुंग्या चादरीवरून वेचत बसतो, भिंतीवर साप दिसतात, बायकोला ओळखत नाही. यात उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

हे घडतं कुठे? बहुतेक वेळा भल्या हेतूनं केलेल्या गोष्टीत. पोळा झाला, भांडण झालं, घरच्यांनी शपथ घातली, गळ्यात माळ घातली: "आजपासून बंद." किंवा खोलीत कोंडलं, गोठ्यात खांबाला बांधलं. किंवा पाय मोडून दवाखान्यात दाखल केलं आणि डॉक्टरांना दारूचं सांगितलंच नाही. तिसऱ्या रात्री पेशंट सलाईन उपसतो, ओरडतो, आणि नातेवाईक म्हणतात, "याले बाहेरचं लागलं." मग सुट्टी घेऊन मांत्रिकाकडे. ज्या रात्री त्याला दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच रात्री त्याला बाहेर काढलं जातं.

लाजेनं डॉक्टरांपासून लपवणं हे दारूबंदीच्या जिल्ह्यांत जास्त होतं. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला लागली, २०२१ ला उठली. दारूबंदीच्या मतदानातल्या आडव्या बाटलीसाठी आपल्या बायाबापड्या किती लढल्या हे आपल्याला माहीत आहे आणि ती लढाई खरी आहे. पण गावातली दारू ज्या दिवशी थांबते, त्या दिवशी रोज पिणाऱ्यांची यादी करून त्यांना दवाखान्यात न्यायचं काम कोणी अंगावर घेत नाही. दुकानं बंद झाली की काय होतं ते करोनात दिसलं. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणीला सॅनिटायझर पिऊन माणसं गेली. त्याला ‘चटक’ म्हणून मोकळं होता येतं. पण हात थरथरतोय, जीव घाबरा झालाय आणि समोर बाटली दिसतेय, अशा अवस्थेत माणूस चव बघत नाही.

तेव्हा घरी चार प्रश्न विचारा, उत्तरं कागदावर लिहा. रोज किती, पव्वे की बाटली? किती वर्षांपासून? शेवटची कधी, किती वाजता? याआधी बंद केली तेव्हा फिट किंवा भ्रम झाला होता का? पाचवाही विचारून घ्या: सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर घरी बंद करायची नाही. तो कागद घेऊन ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायचं. डॉक्टर त्याची माहिती गुप्त ठेवायला कायद्यानं बांधलेले आहेत. तिथे आठवडाभर कमी-कमी करत जाणाऱ्या गोळ्या आणि व्हिटॅमिन बी-१ देतात. त्याच गोळ्या मेडिकलमधून आणून मनानं देऊ नका. वर दारू पोटात गेली तर श्वास थांबू शकतो.

सलाईनचंही बोलायला हवं, कारण आपल्याकडे सलाईनशिवाय कोणाचं समाधान होत नाही. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ आधीच संपत आलेलं असतं. त्यात गावातल्या कोण्या डॉक्टरनं नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर उरलंसुरलं बी-१ ही खर्च होतं. डोळे तिरळे फिरतात, चाल बिघडते, आठवण कायमची जाऊ शकते. म्हणून विचारा: "डॉक्टरसाहेब, बी-१ चं इंजेक्शन दिलं का?" शुगर कमी असेल तेव्हा ग्लुकोज थांबवायचं नाही, दोन्ही बरोबर द्यायचं.

आणि भिंतीवर रंगवलेली ती जाहिरात, ‘न कळत दारू सोडवा’. भाजीत मिसळायची पुडी. त्यात काय आहे ते ना विकणारा सांगतो, ना पुडीवर लिहिलेलं असतं. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर ते दारूच्या विघटनात मध्येच अडसर घालतं आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य अंगात साठतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, बीपी कोसळतं, हृदय अशक्त असेल तर मरणही येतं. हे औषध खरं आहे आणि डॉक्टर ते देतातही, पण पेशंटला सांगून आणि त्याच्या संमतीनं. चोरून दिलं तर ते सरळ विष आहे.

इतकं होऊनही जो सुटत नाही, त्याचं गाव काय करतं? हळूहळू बाहेर काढतं. पंगतीला बोलावत नाही, मजुरीला घेत नाही, भाऊ सातबाऱ्यावर सही घेऊन मोकळा होतो. मग तो नागपूरची गाडी धरतो. केटररकडे भांडी, कॉटन मार्केटला हमाली, रात्री मोठ्या दवाखान्याच्या भिंतीला लागून झोप. गावात तो अमक्याचा पोरगा होता. शहरात तो ‘भिकारी’, ‘गर्दुल्ला’, फुटपाथवरची घाण. तिथेही वाक्य तेच, फक्त बोली बदलते: "ते लोक असेच असतात."

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले गेले. त्यातले आठ लाखांहून जास्त ग्रामीण भागातले. बेघर म्हणजे शहराचं दुखणं, असं म्हणून गावाला हात झटकता येत नाहीत. आणि सगळेच बेघर पिणारे नसतात. पुष्कळ जण आधी बेघर झाले आणि मग प्यायला लागले. डिसेंबरात नागपूरचं तापमान १० च्या खाली उतरतं, उघड्यावर झोपायचं म्हणजे पोटात काही तरी लागतं. दारूनं कातडीच्या शिरा फुगतात, ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. सकाळी तो गारठलेला सापडतो आणि लोक पुन्हा म्हणतात, पिऊन मेला.

१९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात पोट भरायचं उघड साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणं हीसुद्धा ‘भीक’ धरली आहे. दुसऱ्या बाजूला शहरी बेघर निवाऱ्यांचे सरकारी निकष सांगतात: एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा बारमाही निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. हे निवारे असतात, पण फुटपाथवरच्या माणसाला त्यांचा पत्ता माहीत नसतो. दहा रुपये द्यावेत की नाही यावर आपण तासभर वाद घालतो. माझं मत विचाराल तर त्या दहा रुपयांनी ना त्याची दारू वाढते ना सुटते. निवाऱ्याचा पत्ता सांगा, जमलं तर सोबत चाला.

गाडगेबाबांचं गाव शेंडगाव, आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, घराची वाताहत झाली. पुढे बाबांनी धर्मशाळा बांधल्या. अंगावर चिंध्या, हातात गाडगं. आज ते नागपूरच्या सिग्नलला उभे राहिले तर किती जण गाडीची काच खाली करतील, सांगा.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थेलाही आजार मानतो. भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा आजारी माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे कलम १०० नुसार ठाणेदाराचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. साखळीनं बांधायला कलम ९५ नं बंदी आहे. गल्लीतल्या ‘नशामुक्ती केंद्रा’त बांधून ठेवलं असेल तर हे कलम दाखवा. सल्ला हवा असेल तर व्यसनासाठी १४४४६, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी १४४१६. दोन्ही फुकट.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. म्हणून ज्याला मिळालेत, त्याला अर्धवट सोडवून आणू नका. नागपूरहून पोलीस पाटलाला फोन येतो, "तुमच्या गावचा माणूस इथं भरती आहे." घरचे त्याच दिवशी जीप करून जातात आणि सही करून घेऊन येतात, कारण वखरणीचे दिवस असतात. तसं करू नका. गोळ्या अजून किती दिवस आहेत ते विचारा. डिस्चार्ज कार्ड घ्या, त्यावर शेवटच्या डोसची तारीख लिहून घ्या. त्याचं आधार आणि रेशनकार्ड सोबत न्या, नाव कमी केलं असेल तर येताना तहसीलला थांबा. गोळ्यांची डबी एकाच माणसाच्या ताब्यात द्या, शक्यतो ज्याच्याशी त्याचं भांडण नाही त्याच्या. पुढची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून टाका आणि त्या दिवशीची एसटी कोणती, तेही खाली लिहा.