रात्रीचा ब्रश

(दृश्य : रात्रीचे साडेनऊ. बेसिनच्या कडेला पेल्यात चार ब्रश. त्यातले दोन अगदी लहान.)

दात घासल्याशिवाय चहा नाही. आपल्या घरांत हा नियम कुणाला शिकवावा लागत नाही. राखुंडी होती तेव्हाही तो होता, टूथपेस्ट आली तरी तो आहे. पण तो सकाळचा. रात्रीसाठी आपण असा नियम केलाच नाही. रात्री असते ती दुधाची बाटली.

(दृश्य : आजीच्या मांडीवर अडीच वर्षांचा नातू. बाटली अर्धी रिकामी, डोळे मिटत आलेले.)

"अरे, झोपतोय तो. आता कशाला उठवतोस?" आजी म्हणतात. त्यांची माया खरी आहे. दुधाचेच तर दात, पडणारच आहेत, असं त्यांनी आयुष्यभर ऐकलंय.

पण पोर झोपलं तरी तोंडातलं काम थांबत नाही. जागेपणी लाळ दात सारखी धूत असते. झोपेत लाळ कमी होते आणि दुधातली साखर दातांवर तशीच राहते. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात, आणि ते आम्ल दाताचं वरचं कठीण आवरण विरघळवतं. आपण 'कीड लागली' म्हणतो, पण आत किडा नसतो. असतं ते हे आम्ल. बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचे वरचे पटाशीचे दात आधी किडतात. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते बऱ्याचदा वाचतात.

(दृश्य : बाबांचं बोट. वरचा ओठ अलगद उचललेला.)

असा ओठ महिन्यातून एकदा उचलून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात. इथं ती अजून थांबवता येते. तपकिरी खड्डा पडला, की मग दवाखान्यातच जावं लागतं. खरं तर दंतवैद्याची पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हायला हवी, काही दुखत नसताना. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

(दृश्य : बाबा पाय पसरून बसलेत. धाकट्याचं डोकं त्यांच्या मांडीवर.)

बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची आपली जुनी रीत. दातांसाठीही जवळजवळ तीच. वरून पाहिलं की मागच्या दाढा स्पष्ट दिसतात. तीन वर्षांच्या आत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत मटाराच्या दाण्याएवढी. पेस्ट फ्लोराइडची हवी. मात्र यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथं पेस्ट ठरवण्याआधी दंतवैद्याला विचारा. आणि घासून झाल्यावर खळखळून चुळा भरायची आपली सवय सोडायला हवी. मुलाला नुसतं थुंकू द्या. फ्लोराइड दातांवर राहिलं तरच उपयोग.

ज्या घरात मोठी माणसं मशेरी लावतात, तिथली पोरं बघून बघून तेच बोट तोंडात घालतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. हे आम्हाला इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

धाकटा रडतो. रोज रडतो. बाबा थांबत नाहीत, रागावतही नाहीत. घासता घासता गाणं म्हणतात, गाणं संपलं की ब्रश बाहेर. आता गाणं सुरू झालं की तो आपणहून 'आ' करतो.

(दृश्य : सहा वर्षांची थोरली आरशासमोर.)

"मी माझं मी करते," ती म्हणते. करू द्यावं. पण त्यानंतर एकदा मोठ्या माणसाचा हात फिरायलाच हवा, सात-आठ वर्षांची होईपर्यंत. लहान मुलं समोरचे दात घासतात. आणि पडण्याचं म्हणाल, तर मागच्या दुधाच्या दाढा पडतात दहा-बारा वर्षांच्या सुमारास. तोवर भाकरी त्यांच्यावरच चावायची असते. दाढ ठणकली की पोर रात्रभर जागं, दुसऱ्या दिवशी शाळेत लक्ष नाही. दाढ लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

थोरलीचा पुढचा दात गेल्या आठवड्यात पडला. तो आजीनं कौलावर फेकला, घरभर कौतुक झालं.

(दृश्य : मोबाइलच्या उजेडात उघडं तोंड. बाबा वाकून पाहतायत.)

त्याच दिवसांत मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही पलीकडे, आणखी काहीतरी येतं. त्याच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आलं तरी घरचे त्यालाही दुधाचीच दाढ समजतात. पण ही पक्की दाढ. हिच्या जागी पुन्हा दुसरी येणार नाही.

"बाबा, तिथं काय आहे?"

"नवी दाढ आलीय तुझी. आ कर अजून थोडं."

आणि ते ब्रश आडवा धरून, हलक्या हातानं, तिथपर्यंत नेतात.