कुर्डीचं एक जोतं

नमस्कार मंडळी. मडगावात किंवा वास्कोत बसून ऐकत असाल, तर घरातला नळ आठवा. त्यातलं पाणी बहुधा साळावली धरणाचं, आणि त्या धरणाच्या पोटात सांगे तालुक्यातला कुर्डी गाव आहे.

भातशेती, माड, काजू, फणस असा भरलेला गाव. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना स्वतः तिथे गेले आणि धरणाने साऱ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल, असं त्यांनी लोकांना समजावलं. भलं झालं, नाही कसं म्हणू? कुर्डीकर मात्र वाडे नि वालकिणी या गावांत जाऊन राहिले, आणि १९८६च्या सुमारास गावावर पाणी चढलं.

मे महिन्यात पाणी ओसरतं तेव्हा चिखलातून वाटा वर येतात, सोमेश्वराचं देऊळ मोकळं होतं. लोक उत्सवाला जमतात. ख्रिस्ती मंडळीही आपल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, जागी फेस्त करतात. मग कुणीतरी बोट करून दाखवतो, “ते मोगूबाईंचं घर.” घर कसलं! छप्पर नाही, दारं नाहीत, उरलंय ते जोतं आणि पडक्या भिंती.

शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली याच गावात जन्मल्या. आईने मुलीला गाणं यावं म्हणून पोटाला चिमटा घेतला, लहानपणीच नाटक मंडळीत धाडलं. पुढे सांगलीत रियाझ चालला असताना तो जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला, आणि त्यांनी आपणहून शिकवायला घेतलं. १९७४ साली पद्मभूषण मिळालं. गायिका किशोरीताई आमोणकर त्यांच्याच कन्या, त्यांच्याच शिष्या.

आता एक गोष्ट मला खुपते, ती बोलून टाकतो. कुर्डीचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ पाण्याखाली जाऊ दिलं नाही. पुरातत्त्व खात्याने त्याचा दगड न् दगड सुटा केला आणि सुमारे १७ किलोमीटरवर, धरणाजवळ, तसाच पुन्हा रचला. फार मोठं काम, त्याला माझा नमस्कार. पण देवाचे दगड हलवता आले, तर त्या घराचे चार चिरे उचलून वालकिणीत ठेवायला कितीसं लागलं असतं? तेव्हा कुणाला सुचलं नसावं. गाणाऱ्या बाईचं घर वारसा असतं, हे आपल्याकडे उशिराच लक्षात येतं.

यंदा पाऊस लागला, तेव्हा ते जोतं पुन्हा बुडालंय. तोवर मोगूबाईंचा आवाज ऐकूया. तबकडी जुनी आहे, थोडी खरखर होईल.