पाचवी खुर्ची

मंडळी, गोदाघाटावर बसून जॅझविषयी बोलायचं म्हणजे रामकुंडावरच्या आरतीशी स्पर्धा. ती सुरू झाली की मी गप्प बसेन.

क्विंटेट म्हणजे पाच जणांचा ताफा. बहुधा ट्रंपेट, सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम. आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग तिच्याच चौकटीत एकेक जण बढत करतो. चौकट बऱ्याचदा ३२ बारची, बारमध्ये ४ मात्रा. म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन झालं की हो! आपल्याकडे तबल्याच्या सोलोला लेहरा असतो ना, तसा तिथं बासवाला आवर्तन सांभाळतो.

ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसचा १९६४ ते १९६८ मधला ताफा फार गाजला. पियानोवर हर्बी हॅनकॉक, बासवर रॉन कार्टर, सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर, ड्रमवर टोनी विल्यम्स. टोनी माइल्सकडे आला तेव्हा १७ वर्षांचा होता. पुढे सगळे पांगले. १९७६ साली न्यूयॉर्कला हॅनकॉकच्या आजवरच्या कामाची एक मैफल ठरली. जुना ताफा बसवायचा होता, माइल्सही येईल अशी आशा होती. पण तो तेव्हा वाजवणं बंद करून घरी बसला होता. नाही आला. त्याच्या जागी फ्रेडी हबर्ड उभा राहिला.

ताफ्याचं नाव व्ही.एस.ओ.पी. ‘अगदी खास, एकदाच होणारी मैफल’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं. ब्रँडीच्या बाटलीवरही हीच असतात; द्राक्षांच्या गावात ते मी सांगायला नको. तर हे ‘एकदाच’वाले पुढच्याच वर्षी दौऱ्यावर निघाले. १९७७ च्या त्या दौऱ्यातली ‘द क्विंटेट’ ही तबकडी जरूर ऐका. जुने खोंड म्हणावेत, तर टोनी तेव्हा अवघा ३१ चा!

माइल्स सूर मोजून खर्च करायचा. हबर्डचा हात सढळ. वरच्या पट्टीत लखलखीत, भरघोस वाजवणार. त्यानं माइल्स व्हायचा प्रयत्नच केला नाही. त्यामुळे उरलेल्या चौघांना नवी साथ शोधावी लागली, आणि त्या तबकडीतली गंमत तीच आहे. माइल्स १९९१ साली गेला. दुसऱ्या वर्षी हेच चौघे पुन्हा जमले. ट्रंपेटवर वॉलेस रोनी, माइल्सच्याच हाताखाली घडलेला. सूरही तसाच. त्यांच्या या नव्या तबकडीला ग्रॅमी मिळालं. माझं विचाराल तर ते वादन उत्तमच आहे, पण श्राद्धाच्या पानासारखं. सगळं गेलेल्या माणसाच्या आवडीचं.

ट्रंपेट ओठांवर वाजतं. त्याच १९९२ साली हबर्डचा वरचा ओठ फाटला, जखम चिघळली आणि तो पूर्वीचा दम परत आला नाही. मी लग्नाच्या बँडात ३० वर्षं क्लॅरिनेट फुंकलंय, त्यामुळे हे वाचताना माझाच जबडा दुखला. आता माझी वरची कवळी आहे. जोरात फुंकलं की ती हलते आणि सूर चिरकतो.

गेल्या वर्षी आम्ही चार जुने बँडवाले कॉलेज रोडच्या एका छोट्या स्टुडिओत जमलो. म्हटलं, हात चालतोय तोवर चार धुना भरून ठेवू. आमचे ट्रंपेटवाले मास्तर करोनाच्या आधीच गेले. त्यांच्या जागी पंचविशीतला एक पोरगा आणला. पोरगा तयारीचा. पहिल्याच टेकला अंतऱ्यावर घोटाळा झाला. तो पुढे गेला आणि आम्ही चौघे मागे! पुन्हा केलं, पुन्हा तेच. रेकॉर्डिस्ट काचेतून बघतोय. पोरगा म्हणाला, “काका, तुम्ही तिथं थांबता का?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांना दमा होता. अंतऱ्याआधी ते एक श्वास जास्त घ्यायचे, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी अर्धी मात्रा थांबायचो. ते कुणी कधी ठरवलं नव्हतं.

पोरगा म्हणाला, “मीही थांबतो मग.” आमचे ढोलवाले म्हणाले, “नको रे बाबा. तू तुझ्या दमानं जा, आम्ही येतो.”

चौथ्या टेकला आलो. जेमतेम. दादा, तो पेनड्राइव्ह लावा बरं. आवाज जरा कमी ठेवा, आरतीची वेळ झालीय.