अंगठा लागला, पण संमती झाली का?

(दृश्य: यवतमाळ जिल्हा. कृषी केंद्राचं काउंटर, बियाण्याची पाकिटं, कास्तकारांची गर्दी.)

पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. समजा, अशा गर्दीत खासगी पीक सल्ला अ‍ॅपचा माणूस कास्तकाराचा मोबाइल घेतो, स्वतःच तीनदा ‘अलाउ’ दाबतो आणि फोन परत देतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याला संमती मानत नाही. कलम ६ नुसार संमती दबावाविना, विनाअट, समजून-उमजून आणि ठरावीक कामापुरती दिलेली हवी. शिवाय ती ज्याची माहिती आहे, त्याच्या स्पष्ट कृतीतून दिसली पाहिजे.

(दृश्य: कपाशीचं शेत, हातातला मोबाइल.)

खरा घोळ होतो ‘ठरावीक कामापुरती’ इथे. गुलाबी बोंडअळीचा सल्ला द्यायला काय लागतं? पीक, पेरणीची तारीख, शेताचं ठिकाण, निरोपासाठी मोबाइल नंबर. फोनमधल्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर लागत नाहीत. कास्तकाराने सल्ल्यासाठीची माहिती आणि हे नंबर, दोन्हीला ‘हो’ म्हटलं, तरी त्या नंबरांपुरती संमती धरली जात नाही. हाच डेटा कर्जाच्या जाहिरातीसाठी वापरायचा, तर पुन्हा वेगळं विचारावं लागतं.

विचारण्याआधी किंवा विचारतानाच सूचना द्यायची: कोणती माहिती, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार कशी करायची. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे. मराठी त्यात आहे. मेळघाटातली कोरकू नाही, गडचिरोलीतली गोंडीही नाही. ही मोठी उणीव आहे. तिथे समोर बसून, त्यांच्या बोलीत समजावून सांगितल्याशिवाय ‘समजून दिली’ असं म्हणताच येणार नाही.

संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. एका बोटाने घेतलेली संमती रद्द करायला तालुक्याला बोलावणं चालत नाही. वाद झालाच, तर संमती नीट घेतली होती हे कंपनीने सिद्ध करायचं. वय १८ पेक्षा कमी असेल, तर पालकांची पडताळलेली संमती लागते.

सरकारी अनुदानाचं वेगळं आहे. कलम ७ नुसार तिथे काही अटींवर संमतीविनाही माहिती वापरता येते.

(दृश्य: पारावर बसलेली माणसं, हातात मोबाइल.)

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्याआधी ज्यांनी संमती दिली आहे, त्यांनाही कंपनीने शक्य तितक्या लवकर हीच सूचना पाठवायची आहे. ती वाचून नको वाटलं, तर तेव्हाही संमती मागे घेता येते.