डेन्मार्कच्या पवनचक्क्या वाढल्या, मग स्वयंपूर्णता का गेली?

एक कोडं घालते. १९९७ साली डेन्मार्क ऊर्जेच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. देशाला लागेल तेवढी, किंबहुना थोडी जास्तच, ऊर्जा देशातच निघू लागली. तेव्हा तिथल्या विजेत वाऱ्याचा वाटा १० टक्केसुद्धा नव्हता. आज तो निम्म्याहून जास्त आहे. आणि आज डेन्मार्कला पुन्हा बाहेरून ऊर्जा आणावी लागते.

पवनचक्क्या वाढल्या आणि स्वयंपूर्णता गेली. हे कसं काय?

उत्तराकडे जाण्याआधी एक घोळ निस्तरूया. 'वीज' आणि 'ऊर्जा' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. बातमीत "निम्मी ऊर्जा वाऱ्याची" असं वाचलंत, तर बहुतेक वेळा तिथे "निम्मी वीज" असं हवं असतं. गाडीतलं पेट्रोल, विमानाचं इंधन, घर गरम ठेवायला जाळलेला वायू, ही सगळी ऊर्जाच, पण वीज नव्हे. डेन्मार्कचं कोडं याच फटीत दडलंय.

(पडद्यावर: मोकळा महामार्ग, सायकलस्वार)

१९७३. डेन्मार्कची ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा तेलातून येत होती, आणि ते तेल जवळजवळ सगळं परदेशातून. ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलावर हात आखडता घेतला, भाव भडकले. नोव्हेंबरात डेन्मार्क सरकारने रविवारी खासगी गाड्या चालवायला बंदी घातली. लोक महामार्गावर सायकली घेऊन उतरले, काही जण चक्क घोडे घेऊन. फोटोत मजा दिसते, पण सरकारची झोप उडाली होती.

मग काय केलं? पवनचक्क्या उभारल्या, असं तुम्हाला वाटेल. नाही. आधी कोळसा आणला. तेलावर चालणारी वीजकेंद्रं कोळशावर नेली, आणि तो कोळसाही आयातच केलेला. हरित देश म्हणून मिरवताना हा टप्पा सहसा कोणी सांगत नाही. अणुवीज हा पर्याय होता, पण त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला आणि १९८५ साली संसदेने तो नियोजनातून काढूनच टाकला.

दुसरं काम त्यांनी जे केलं, ते मला पवनचक्क्यांपेक्षा जास्त आवडतं. कोळशाच्या साध्या वीजकेंद्रात इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. समुद्रात सोडा, हवेत सोडा, गेली ती गेली. डॅनिश लोक म्हणाले, थंडीने कुडकुडतोय आपण, आणि गरम पाणी समुद्रात ओततोय? १९७९ साली उष्णता पुरवठ्याचा कायदाच केला. कुठल्या भागात घरं कशाने गरम करायची, याची आखणी नगरपालिकांनी करायची. वीजकेंद्रातलं गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघर जाऊ लागलं. आज तिथली साधारण दोन तृतीयांश घरं अशा सामायिक नळांवर आहेत. १९८० नंतर त्यांची अर्थव्यवस्था खूप वाढली, पण ऊर्जेचा एकूण वापर मात्र जवळपास तिथेच राहिला. ना गिरकी घेणारं पातं, ना चकाकतं पॅनेल. त्यामुळे याचे व्हिडिओ कोणी बनवत नाही. असो, मी बनवतेय.

आता कोड्याचं उत्तर. ती स्वयंपूर्णता आली कुठून? 'नॉर्थ सी' म्हणजे उत्तर समुद्राच्या तळातून. १९७२ साली दान नावाच्या क्षेत्रातून तेल निघायला लागलं, १९८४ साली तीरा क्षेत्रातून वायू. उत्पादन वाढत गेलं आणि २००४ साली तेलाने शिखर गाठलं. तिथून उतरण. आणि २०१३ च्या सुमारास स्वयंपूर्णताही संपली. म्हणजे देशाला आयातीतून सोडवलं ते मुख्यतः तेल आणि वायूने. वाऱ्याला उगीच श्रेय देऊ नका, आणि नंतरच्या आयातीचा दोषही त्याच्या माथी मारू नका.

तीराची गोष्ट तर भन्नाट आहे. इतकी वर्षं वायू उपसल्यावर तिथला समुद्रतळच खचला, आणि त्यावर उभे असलेले, वायू काढायचे फलाट सुमारे ५ मीटर खाली गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये ते बंद करून नव्याने बांधायला घेतले. देशाचा बहुतेक वायू तिथूनच जायचा. आणि बांधकाम चालू असतानाच युक्रेनचं युद्ध सुरू झालं, जून २०२२ मध्ये रशियाने वायू थांबवला. तीरा पुन्हा सुरू झालं मार्च २०२४ मध्ये. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये संसदेतल्या बहुमताने ठरवलंय, की नवे परवाने नाहीत, आणि २०५० साली उत्तर समुद्रातलं तेल-वायू उत्पादन पूर्ण बंद.

(पडद्यावर: जुन्या पवनचक्क्या)

आता वारा. हा छंद तिथे फार जुना. पाउल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली आस्कोव गावात पवनचक्कीतून वीज काढली. १९५७ साली योहानेस यूल यांनी गेडसरला २०० किलोवॅटची, तीन पात्यांची चक्की उभी केली. आजच्या महाकाय चक्क्या दिसायला तिच्याच नाती-पणती. १९९१ साली विंडेबीला समुद्रातलं जगातलं पहिलं पवन क्षेत्र आलं: ११ चक्क्या, सगळ्या मिळून जेमतेम ५ मेगावॅट. २००० साली कोपनहेगनसमोर मिडेलग्रुंडनला २० चक्क्या लागल्या, त्यातल्या निम्म्यांची मालकी सर्वसामान्य लोकांच्या सहकारी संस्थेकडे.

पण वारा पडला की काय? इथे नॉर्वे कामाला येतो. नॉर्वेची वीज मुख्यतः धरणांची. डेन्मार्कात वारा सुटला की स्वस्त वीज समुद्राखालच्या केबलमधून नॉर्वेला जाते, आणि नॉर्वे आपलं पाणी धरणात राखून ठेवतो. वारा पडला की तेच पाणी सोडून वीज उलटी येते. गंमत म्हणजे या केबल १९७० च्या दशकात टाकल्या, तेव्हा देशाच्या विजेत वाऱ्याचा वाटा नसल्यातच जमा होता. १९९६ साली नॉर्वेत पाऊस कमी झाला, तर डेन्मार्कने कोळसा जाळून तिकडे वीज विकली. आता जर्मनी, स्वीडन, नेदरलँड्स आणि २०२३ च्या डिसेंबरपासून ब्रिटनशीही केबल जोडलेली आहे. म्हणून वर्षाचा आयात-निर्यातीचा एकच आकडा बघून काही कळत नाही. एकाच दिवसात वीज दोन्ही दिशांनी जाऊ शकते.

अजून एक खाचखळगा. डेन्मार्कच्या नवीकरणीय ऊर्जेत सर्वात मोठा वाटा वाऱ्याचा नाहीच, जैविक इंधनाचा आहे: लाकूड, पेंढा, कचरा, बायोगॅस. कोळशाची बरीच केंद्रं आता लाकडाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालतात, आणि त्या गोळ्या जहाजाने येतात. बाल्टिक देशांतून, अमेरिकेतूनही. म्हणजे नवीकरणीय, पण आयात. शिवाय हिशेबाच्या नियमांनुसार लाकूड जाळणाऱ्या देशाच्या ऊर्जेच्या खात्यावर तो कार्बन शून्य धरतात. तो मोजायचा जिथे झाड तोडलं तिथे. नियम आहे, चोरी नव्हे. पण आलेख बघताना माझी भुवई वर जाते ती इथे.

आणि वाऱ्याचं पुढे काय? वारा जोरात असतो तेव्हा सगळ्या चक्क्या एकदमच फिरतात, बाजारात वीज ओसंडते, भाव कोसळतो, कधी शून्याच्याही खाली. चक्क्या जितक्या जास्त, तितकी प्रत्येकीची कमाई कमी. त्यात व्याजदर चढलेले, सामान महागलेलं. एप्रिल २०२४ मध्ये डेन्मार्कने उत्तर समुद्रातल्या ३ गिगावॅट (म्हणजे ३००० मेगावॅट) पवनचक्क्यांसाठी, अनुदान न देता, निविदा मागवल्या. डिसेंबरात मुदत संपली तेव्हा आलेल्या निविदांची संख्या होती शून्य. सरकारने अटी बदलल्या, अनुदान देऊ केलं आणि पुन्हा निविदा काढायचं ठरवलं.