बोगद्यात वाफ गिळणारं इंजिन

नमस्कार मंडळी. आज मी माझ्या एका वेडाबद्दल बोलणारे, जुन्या लोकल गाड्यांच्या वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेल्स. घरात याला बाबाचं भंगार म्हणतात, ते जाऊ दे.

लोकल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विजेची गाडी येते, मुंबईत ती 1925 पासून आहे. पण लंडनला 10 जानेवारी 1863 ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन जी जमिनीखालची रेल्वे सुरू झाली ना, ती चक्क कोळशा-पाण्यावर, बोगद्यात! आधी इंजिनं ग्रेट वेस्टर्न रेल्वे द्यायची, पण त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत तिचं आणि ही जमिनीखालची रेल्वे चालवणाऱ्या मेट्रोपॉलिटन कंपनीचं फाटलं, मग मेट्रोपॉलिटनने मँचेस्टरच्या बेयर पीकॉक या इंजिन बनवणाऱ्या कारखान्याकडून स्वतःची इंजिनं करून घेतली, 1864 मध्ये पहिली 18. ज्युपिटर, मार्स, अपोलो अशी नावं, आणि त्यातच प्लूटो म्हणजे पाताळाचा राजा, आणि सर्बेरस म्हणजे पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा. ज्याने कोणी ठेवली तो माणूस मला जाम आवडतो.

मी यातलंच एक करतोय, चार मिलीमीटरला एक फूट या मापात, म्हणजे खऱ्या इंजिनाचा एक फूट तो मॉडेलात चार मिलीमीटर. सव्वाचार महिने झाले, आणि त्यातला दीड महिना एका पाईपावर गेलाय.

तो पाईप म्हणजे या इंजिनाचा जीव. उघड्यावर असताना वापरलेली वाफ नेहमीसारखी धुराड्यातून वर, भक् भक्. बोगदा आला की ड्रायव्हर झडप फिरवणार, वाफ बाहेरच्या जाड पाईपातून बाजूच्या पाण्याच्या टाक्यांत, तिथं थंड होऊन तिचं पाणी. ऐकायला झकास, पण वाफ धुराड्यातून गेली नाही की जाळाला ओढ मिळत नाही, टाकीतलं पाणी तापत जातं ते सोडून नवं भरावं लागतं, आणि कोळशाचा धूर तर राहतोच, तो कुठल्या टाकीत घालणार?

तर पाईपासाठी मी घरच्या वायरिंगमधली जाड तांब्याची तार घेतली. नुसती वाकवली की ती कोपऱ्यात चपटी होते, म्हणून गॅसवर लालबुंद करायची, निवू द्यायची, मग लोण्यासारखी वळते. वळली छान, मी खूश, डाख द्यायला बसलो आणि एवढी उष्णता दिली की शेजारचा पितळी डोम, म्हणजे बॉयलरवरचा घुमट, डाख सुटून टुणकन फरशीवर! आई म्हणाली, "अरे, तुझं इंजिन फुटलं का रे?" आता मी आधीच्या सांध्यावर ओला कापूस गुंडाळतो. हॅन्डरेलला, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या धरायच्या दांडीला, गिटारची तार वापरा, ती सरळ राहते.

जुने किट, म्हणजे सुटे भाग जोडून मॉडेल करायचे डबे, गोळा करणाऱ्यांसाठी एक सांगतो. मी एक हौसेने परदेशातून मागवला, डबा उघडला तर चाकं नाहीत, मोटर नाही. किट विकणाऱ्यांची तशीच पद्धत आहे म्हणे, ती वेगळी घ्यायची, 23 मिलीमीटरची मोठी चाकं. किट व्हाइटमेटलचा, म्हणजे कमी उष्णतेला वितळणाऱ्या मिश्रधातूचा असेल तर साधी सोल्डरिंग गन लांबच ठेवा, वस्तूच वितळून टेबलावर पसरेल.

आणि रुळांचं दुखणं. या मापात लंडनच्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, खरं 18.83 मिलीमीटर हवं, पण बाजारात रूळ मिळतो 16.5 चा, त्यामुळे इंजिन ढेरपोट्या माणसाने पाय जुळवून उभं राहावं तसं दिसतं. बऱ्याच जणांना चालतं. मला नाही चालत, स्वभाव, काय करणार.

खरं इंजिन बघायचं असेल तर 23 नंबरचं लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये उभंय. मेट्रोपॉलिटनकडे अशी एकूण 66 झाली, राहिलं हे एकच. पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा, मला हा किडा तिथूनच चावला.

यानंतर मला 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी करायचीय. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटी, म्हणजे या मापात बरोबर 22 मिलीमीटर, तसा रूळ तयार मिळतच नाही, स्वतः ठोकायचा. त्यासाठी लागणारा गेजचा ठोकळा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर सारखं ठेवणारा, करायला लेथवाल्या काकांकडे गेलो, तर ते म्हणाले, "एवढ्याशा कामाला मशीन कोण लावणार, शनिवारी ये." आज शनिवार आहे, तेव्हा मी निघतो.